वायरमन अप्पा आणि लाल पडदा

आमच्या शेजारचे अप्पा कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावण्याआधी तिला टेस्टर लावून बघतात. कुठल्याही म्हणजे अगदी कुठल्याही. एस.टी.च्या दाराची दांडी, बँकेतला ग्रिलचा दरवाजा, देवळातली घंटा. घंटेला टेस्टर लावून दिवा पेटत नाही याची खात्री झाली की मग ती वाजवायची आणि डोळे मिटायचे. माझ्या पुतणीच्या लग्नात आहेरात आलेल्या पितळी हंड्याला त्यांनी सगळ्यांसमोर टेस्टर लावला. हा माणूस पितळ अस्सल आहे का ते तपासतोय असं वरपक्षाकडच्या मामांना वाटलं, आणि ते जेवायला बसेचनात. शेवटी मला सांगावं लागलं की हे आमचे अप्पा आहेत, निवृत्त वायरमन, यांचं सगळ्यांशीच असं असतं.

"बंद दिसतं ते बंद नसतं, बाई," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पंखा बंद असला तरी ते त्याच्याखाली बसत नाहीत. मिक्सरची पिन काढून ठेवलेली असली तरी भांड्यात बोट घालू देत नाहीत.

या वाक्याची मला मजा वाटायची, पण ते कुठून आलं हे कळल्यावर हसणं थोडं कमी झालं. नोकरीत असताना त्यांचा एक जोडीदार होता, बरोबर खांबावर चढणारा. लाईन बंद केली आहे असं सांगितल्यावर तो चढला, आणि जिवंत उतरला नाही. पलीकडच्या एका कोंबड्यांच्या शेडवाल्याने आपला जनरेटर चालू केला होता, आणि त्याची वीज उलटी लाईनमध्ये आली होती. अप्पा खाली शिडी धरून उभे होते. त्यानंतरही त्यांनी नोकरी पुरी केली. भर पावसात शेणव्याच्या रस्त्याला तारांवर झाड पडलं की भाताच्या चिखलातून जाऊन खांबावर चढणारा माणूस अप्पाच असायचा. पण टेस्टर खिशात आला तो तेव्हापासून.

मी शेणव्याच्या शाळेत शिकवते आणि किन्हवलीत राहते. अप्पांचं आणि आमचं घर लागून आहे, मध्ये फक्त एक करवंदीची जाळी. त्या जाळीच्या पलीकडे अप्पांनी स्वतः खणलेला अर्थिंगचा खड्डा आहे. आत तांब्याची पट्टी, वर मीठ आणि कोळसा. अर्थिंग ओलं राहायला हवं म्हणून ते रोज सकाळी आंघोळ झाली की त्यात तांब्याभर पाणी ओततात. त्यांची सून वैशाली लग्न होऊन आली तेव्हा तिने मला हळूच विचारलं होतं, "बाई, अप्पा रोज कुठल्या झाडाला पाणी घालतात? ते उगवत का नाही?"

अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा महेश पुण्याला नोकरीला असतो आणि महिन्यातून एकदा येतो. घरात अप्पा, वैशाली आणि चार वर्षांची नात स्वरा. वैशाली मुरबाडची. शिकलेली आहे, आणि घरी बसून एका कंपनीची बिलं कॉम्प्युटरवर भरायचं काम तिला मिळालं आहे. त्यासाठी ओटीवरच्या खोलीत कॉम्प्युटर आला.

आला त्या दिवसापासून अप्पांनी त्याला पाहुणा मानलं नाही, संकट मानलं. सगळी वायर स्वतः ओढली, वेगळा स्विच बसवला, लाईट गेली तर मशीन चालू राहावं म्हणून बॅटरीचा डबा आला त्यालाही टेस्टर लावला. तरी समाधान नाही. खोलीत रबरी चपला घातल्याशिवाय कुणी जायचं नाही असा नियम झाला. पोस्टमनसुद्धा ओटीवर चपला बदलून आत जायचा. स्वराला एवढ्याएवढ्या गुलाबी रबरी चपला घेऊन दिल्या होत्या, त्या ती झोपतानाही काढायची नाही. अप्पा स्वतः मशीनला कधी हात लावायचे नाहीत. वैशाली काम करायला बसली की मागे खुर्ची टाकून बसायचे, एखाद्या बाईला विहिरीत दोर धरून उतरवावं तसे.

"अप्पा, तुम्ही जाऊन पडा ना जरा," ती म्हणायची.

"पडतो ना. तू उठलीस की पडतो."

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मुरबाडला वैशालीच्या चुलतभावाचं लग्न होतं. शनिवारी हळद, रविवारी लग्न. वैशाली स्वराला घेऊन शुक्रवारीच गेली. अप्पांना बोलावणं होतं, पण ते म्हणाले, "घर कोन बघंल?" ते असंच म्हणतात. मुरबाडला जायचं झालं की त्यांना घर आठवतं.

शनिवारी माझी सकाळची शाळा असते. दुपारी घरी येऊन मी जेवले, भांडी घासायला मागच्या दारी बसले, तर करवंदीच्या जाळीतून कुणीतरी हाक मारली. हाक कसली, नुसता श्वास.

"बाई."

बघते तर अप्पा. अनवाणी. मी त्यांना त्यांच्या अंगणात अनवाणी कधी पाहिलं नव्हतं. चेहरा पांढरा पडलेला आणि सदरा घामाने ओला, थंडीचे दिवस असून.

"बाई, हळू बोला. मी लघवीला म्हनून सुटलोय."

"कुठून सुटलात?"

"पाच मिन्टांची परवानगी हाय. साहेबांनी दिली."

मला वाटलं, अप्पांना काहीतरी झालं. डोक्यावर काही परिणाम झाला असेल. मी हात पदराला पुसत उठले तोवर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि घराकडे खूण केली. तेव्हा मला आवाज ऐकू आला. अप्पांच्या घरातून एक भोंगा वाजत होता, रुग्णवाहिकेचा असतो तसा, आणि त्या भोंग्यातून एक बाई हिंदीत तेच तेच वाक्य परत परत बोलत होती.

अप्पांनी कुजबुजत जे सांगितलं ते असं. मशीनचा पडदा एकाएकी लाल झाला. भोंगा वाजला. पडद्यावरची बाई म्हणाली, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, मशीन बंद करू नका, बंद केलं तर सगळं जळेल, या नंबरवर फोन करा. अप्पांनी पहिल्यांदा मेन स्विच पाडला. घरातलं सगळं बंद झालं, पण मशीन बंद झालं नाही, कारण त्याच्या खाली बॅटरीचा डबा होता. तो डबाही टुकटुक करायला लागला. अप्पांनीच बसवलेला डबा, पण घाबरलेल्या माणसाला आपलं काम आठवत नाही. त्यांनी फोन केला.

फोनवर एक गोड बोलणारा माणूस आला. त्याने विचारलं, मशीन कुणाच्या नावावर आहे. अप्पांनी सुनेचं नाव सांगितलं. थोड्या वेळाने दुसरा माणूस आला, हा व्हिडिओवर, खाकी कपड्यातला, मागे निळा पडदा. तो म्हणाला, या मशीनवरून घाणेरडे फोटो देशभर गेले आहेत, वैशालीच्या नावाने गुन्हा नोंदला आहे, तिला अटक होणार. तोवर तुम्ही फोनसमोरून हलायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही.

"ती कुठं हाय म्हनून विचारला," अप्पा म्हणाले. "मी बोललो, मुरबाडला, हळदीला. माज्या तोंडातून गेला, बाई."

"अप्पा, हे चोर आहेत."

"हळू बोला. त्यांना आयकू येतं."

मी त्यांच्या मागोमाग गेले. शाळेत अशा फसवणुकीबद्दल एक पत्रक आलं होतं, ते मीच भिंतीवर चिकटवलं होतं, आणि दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी नीट लावली याचंच मला कौतुक होतं. आता त्यातलं एक अक्षर आठवेना.

खोलीत अंधार होता, कारण मेन पाडलेला. फक्त तो पडदा लालभडक, आणि त्या उजेडात भिंत, देवाची तसबीर, स्वराचा झोका, सगळं लाल. टेबलावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. अप्पा जाऊन त्याच्यासमोर खुर्चीवर बसले, पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. मी दाराआड उभी राहिले.

"आ गये अंकल?" मोबाइलमधून आवाज आला. "इतना टाइम क्यूं लगा?"

"साहब, उमर हो गया ना. जल्दी होता नय."

"कार्ड दिखाया था आपने. अब मोबाइल पे नंबर आया होगा, वो पढिये."

"चश्मा गिर गया साहब. ढूंढता है."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. तो माणूसही ते बघत असणार, कारण त्याचा आवाज एकदम चढला. "हमको बेवकूफ समझा है? गाडी निकाल दूं मुरबाड के लिये? शादी में से उठा के लायेंगे बहू को, सबके सामने."

अप्पांनी दोन्ही हात जोडले. फोनला. मग त्यांनी जे बोलायला सुरुवात केली ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. एरवी अप्पा चार शब्दांच्या वर जात नाहीत.

"साहब, आप गलती करता है. बहू का कुछ नय इसमें. मशीन उसका है, पर मीटर मेरे नाम पे है. वायर मैंने खींचा. अर्थिंग मेरा. इधर से जो भी गया, मेरे करंट पे गया ना? तो मेरे को पकडो. उसको छोटी बच्ची है. मैं आता है. किधर आना है वो बोलो."

फसवायला बसलेल्या माणसालाही असं उत्तर रोज मिळत नसावं.

तेवढ्यात मी हलले असेन, कारण तो ओरडला, "पीछे कौन है? किसको बताया आपने? मॅडम, सामने आओ. आपका भी नाम लिखता हूं."

इतकी वर्षं मुलांना मी सांगत आले की भिऊ नका, बाईंना येऊन सांगा. पण त्या लाल खोलीत, त्या भोंग्यात, तो माणूस माझं नाव लिहितोय असं मला खरंच वाटलं. माझी नोकरी, माझं घर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग मी पुढे झाले ते धैर्य म्हणून नाही. उभं राहवत नव्हतं म्हणून. मोबाइल पालथा केला, चाचपडत कॉल बंद केला, आणि कॉम्प्युटरच्या डब्यावरचं बटण अंगठ्याने दाबून धरलं. किती वेळ दाबलं कोण जाणे. पडदा काळा झाला. बाई थांबली. भोंगा थांबला. घरात एकदम इतकी शांतता झाली की बाहेर कावळा ओरडला तर मी दचकले.

"काय केलात बाई," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती. "आता ती लोकं मुरबाडला जातील."

"कुणी जाणार नाही. ती लोकं कुठल्यातरी खोलीत बसलेली असतात अप्पा. खाकी कपडे भाड्याने आणतात."

"तुमी बघितलीत का ती खोली?"

मी नव्हती बघितली. मोबाइल परत वाजायला लागला. वेगवेगळ्या नंबरांवरून, एक थांबला की दुसरा. अप्पा त्याच्याकडे बघत होते, टेबलावर साप यावा तसे. मी त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं, टेबलावरचं बँकेचं कार्ड उचललं आणि म्हटलं, "मी घरून माझा फोन आणते. बँकेला कळवून कार्ड बंद करते. तुम्ही इथून हलू नका."

हे माझं चुकलं. हलू नका हे त्यांना त्या दिवशी आधीच खूप वेळा सांगून झालं होतं.

बँकेच्या फोनवर गाणं लागलं. मग एका मुलीने सगळं विचारलं, परत गाणं, परत तेच प्रश्न. कार्ड बंद झालं. पैसे गेलेले नव्हते. चष्मा सापडत नाही म्हणून अप्पांनी जो वेळ काढला, त्याने ते वाचले होते. पुन्हा एक फोन तक्रारीचा. शाळेच्या भिंतीवरच्या पत्रकातला नंबर आठवेना, तो मोबाइलवर शोधून काढला. मग वैशालीला लावला, तर तिकडे हळदीचा बँड वाजत होता. तिला निम्मंच ऐकू आलं, पण "अप्पा" आणि "पोलीस" एवढं ऐकून ती म्हणाली, "मी निघते."

मी ओटीवर आले तर अप्पा नव्हते.

पाण्याचा पेला भरलेला तसाच होता. मी आत पाहिलं, मागे पाहिलं, न्हाणीत पाहिलं. हाका मारल्या. खुंटीवर त्यांची कापडी पिशवी असते, ती नव्हती. टेबलावर मोबाइल एकटाच वाजत होता.

आता मला जी भीती वाटली ती मघाच्या खोलीतल्या भीतीपेक्षा वेगळी होती. मघाशी माझ्यासाठी होती. मागच्या बाजूला विहीर आहे. मी विहिरीपर्यंत चालत गेले नाही, धावत गेले, आणि काठावर पोचल्यावर खाली बघायला मला डोळे उघडवेनात. शेवटी बघितलं. पाणी हलत नव्हतं. वर आभाळ आणि मध्ये माझं डोकं, एवढंच दिसलं. रस्त्याच्या कडेच्या विजेच्या खांबाकडेही नजर गेली. कुठल्या क्षणी माणसाचं मन कुठे जाईल सांगता येत नाही.

किराणा दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "अप्पा ना? गेलं की नाक्याकडं. बिस्कीटचा पुडा घेतला. बोललं, किती दिवस लागतील म्हायत नाय."

"कशाला किती दिवस?"

"ता मी नाय विचारला. मला वाटलं, लग्नाला चालला."

नाक्यावर जीपवाले उभे होते. अप्पा एकाही जीपमध्ये बसले नव्हते. एकाने हात करून दाखवलं, "त्या बाजूला गेले बाई. चालत."

त्या बाजूला पोलीस स्टेशन आहे.

मी आत शिरले तर बाकावर अप्पा बसलेले. मांडीवर कापडी पिशवी, पायांत रबरी चपला, केस पाण्याने चापून बसवलेले. समोरचा हवालदार मला बघून सुटल्यासारखा उठला.

"हे तुमचे कोण?"

"शेजारी आहेत."

"मघापासून सांगतायत, मला आत टाका. गुन्हा काय विचारलं तर म्हणतात, तुमच्याकडं लिहिलेला असंल, बघा. मी दोनदा बघितलं. आमच्याकडं काही नाही."

"वरून आला नसंल अजून," अप्पा समजुतीने म्हणाले. "आला की मी हायच. पन मुरबाडला गाडी नका पाठवू. तेवढा फोन करून सांगा, मानूस हजर झालाय म्हनून."

हवालदार माझ्याकडे बघत राहिला. मी सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत खुर्चीवर बसला, मग उठून अप्पांच्या शेजारी बाकावर बसला. वयाने महेशएवढा असेल.

"आजोबा, पिशवीत काय आहे?"

अप्पांनी पिशवी उघडून दाखवली. टॉवेल, एक लुंगी, रक्तदाबाच्या गोळ्या, बिस्किटं, आणि वीजबिल.

"बिल कशाला आणलं?"

"मीटर माज्या नावावर हाय त्याचा पुरावा. तुमी उद्या म्हनाल, हा म्हातारा खोटा बोलतोय, मशीन तर सुनेचं हाय."

हवालदाराने बिल हातात घेतलं, वाचल्यासारखं केलं आणि घडी घालून परत दिलं. मग तो चहा सांगायला गेला. परत आल्यावर म्हणाला, "आजोबा, मी पोलीस आहे ना? हा छातीवर माझा नंबर, हा माझा डगला. मी तुम्हाला सांगतो, तुमच्या सुनेच्या नावावर कुठेच काही नाही. फोनवरून पोलीस कुणाला अटक करत नाहीत. माणसाला अटक करायची तर आम्हाला चालत यावं लागतं, आणि आमच्या गाडीचं तर तुम्हाला माहीतच आहे."

अप्पा पहिल्यांदा थोडे हसले. चहा प्याले. मग मी त्यांना घरी घेऊन आले.

वैशाली सरळगावमार्गे जीपने आली तेव्हा उन्हं उतरली होती. कपाळाला, हातांना हळद तशीच. स्वरा खांद्यावर झोपलेली. अप्पा ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिने स्वराला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "धरा जरा, मी हात धुते."

मग तिने मेन चढवला आणि कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू होतानाचा आवाज आला तसे अप्पा स्वराला उचलून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मी आत वैशालीजवळ होते. पडदा निळा आला, नेहमीसारखा. तिने तपासलं, पुन्हा तपासलं.

"काहीच नाही बाई. व्हायरस नव्हताच. नुसतं एक पान उघडलं होतं, भोंगा वाजवणारं. बंद केलं असतं तर गेलं असतं."

"पण ते उघडलं कसं? अप्पा तर हातही लावत नाहीत."

मी नाक्यावरून येताना त्यांना हेच विचारलं होतं. मशीन सुरू कशाला केलंत, अप्पा? त्यांनी फक्त चालायचा वेग वाढवला होता.

वैशाली शोधत होती. त्या दिवशी काय काय उघडलं होतं ते मशीनमध्ये राहतं म्हणे. मग तिचा हात थांबला. शोधायच्या रकान्यात एकेक अक्षर वेचून कुणीतरी लिहिलं होतं, 'सवरा गान'.

"स्वराचं गाणं," ती म्हणाली. "ती दुपारी जेवताना लावते ना, चिमणीचं. ते शोधत होते. ते नाही मिळालं, दुसरंच काहीतरी दाबलं."

मला वाटलं एवढंच. पण ती अजून मागे मागे जात होती. दिवाळीत ती मुरबाडला गेली होती, तेव्हाही दुपारी मशीन सुरू झालेलं होतं. त्याआधी तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हाही. प्रत्येक वेळी तेच गाणं. एकापाठोपाठ एक, दुपारभर.

"मला वाटायचं, मी नसते तेव्हा तरी ते निवांत झोपत असतील," वैशाली म्हणाली. धुऊनही पिवळ्या राहिलेल्या हाताने तिने पडदा पुसला. पडद्यावर काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी मी वैशाली आणि स्वराला सोडायला नाक्यावर गेले. लग्नाला परत जायचं होतं. अप्पाही आले होते, स्वराची पिशवी धरून, सोडायला म्हणून. वैशालीने जीपमध्ये स्वराला बसवलं, मग वळून म्हणाली, "अप्पा, बसा."

"मी कुठं? घर कोन बघंल?"

"बाई बघतील."

"सासऱ्याला कोन नेतो गो माहेरला? लोकं काय बोलतील?"

"बोलू देत. स्वराला खिडकीशी बसायचंय, तिला धरायला कुणीतरी पाहिजे. मला साडी सांभाळायचीय."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी किल्लीसाठी हात पुढे केला. ते किल्ली देऊन चढले. मग परत उतरले आणि मोबाइलही माझ्या हातात दिला. "हा नको तिकडं. वाजतो सारखा." जीप सुटली तेव्हा त्यांनी एक हात स्वराच्या डोक्याच्या आणि लोखंडी दांडीच्या मध्ये धरला होता.

दिवसभर तो मोबाइल माझ्या टेबलावर होता. अनोळखी नंबरांवरून दोन-तीनदा वाजला. मी उचलला नाही. दुपारी परत वाजला, तेव्हा वैशालीचं नाव दिसलं. उचलला तर अप्पा. मागे बँड, ताटांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी वाढ वाढ म्हणतंय.

"बाई, जेवलात का?"

"जेवले. तुम्ही?"

"बसतोय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्या घरातून काय आवाज येतो का?"

मी खिडकीतून जाळीपलीकडे पाहिलं. कुलूप होतं.

"नाही अप्पा. काहीच नाही."

"नायच येनार," ते म्हणाले. "आमी सगळी इकडंच हाव."